साधेपणाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपली म्हण आहे. मला विचाराल तर साधेपणाचे सोंग आणणेही तितकेच अवघड. कसे, ते एका इंग्रजी गोष्टीतल्या मुलीवरून आज सांगणार आहे.

या मुलीचे नाव ॲलिस. चार्ल्स डॉजसन हे ऑक्सफर्डला गणित शिकवीत. त्यांनी लुईस कॅरोल या टोपणनावाने १८६५ साली तिची गोष्ट प्रसिद्ध केली. सशामागे धावताना ॲलिस बिळात पडते आणि थेट अजब देशात पोहोचते. तिथे मांजर हसते, सुरवंट हुक्का ओढतो, पत्त्यांतली राणी ऊठसूट शिरच्छेदाचे हुकूम सोडते. या सगळ्यांत साधी अशी एकटी ॲलिस. बाकीच्यांना मुखवटे, मिशा, शेपट्या. हिला काहीच नाही. हिने ऐकायचे, नवल करायचे आणि प्रश्न विचारायचे. प्रेक्षक हिच्याच डोळ्यांनी सारे पाहणार. ही खोटी वाटली, की सारा देशच खोटा!

हे काम आजवर अनेकींनी केले. १८८६ साली लंडनच्या रंगभूमीवर संगीत नाटक आले, त्यात फिबी कार्लो ही बालनटी ॲलिस झाली. १९०३ साली पहिला चित्रपट निघाला, तो सुमारे १२ मिनिटांचा मूकपट. त्यातली ॲलिस मे क्लार्क. कॅमेऱ्याच्या करामतीने ती लहान होई, मोठी होई. पण बोलायची सोय नव्हती. सांगायचे ते चेहऱ्यानेच. या मूकपटाचा उरलेला भाग २०१० साली दुरुस्त करून पुन्हा दाखवण्यात आला.

पुढे १९३३ साली अमेरिकेत बोलपट झाला. गॅरी कूपर, कॅरी ग्रँट असे नामांकित नट मुखवट्यांआड आणि रंगांआड लपले, आणि उघडा चेहरा राहिला तो १९ वर्षांच्या शार्लट हेन्रीचा. चित्रपट अपेक्षेप्रमाणे चालला नाही. तिच्यावर मात्र ॲलिसचा शिक्का बसला. मोठी कामे फारशी मिळाली नाहीत, आणि काही वर्षांत तिने चित्रपटच सोडला.

याउलट कॅथरिन बोमाँटचे पाहा. वॉल्ट डिस्ने यांच्या १९५१ सालच्या चित्रपटात ॲलिस कागदावर काढलेली. आवाज मात्र कॅथरिनचा. तिने सगळे प्रसंग करूनही दाखवले, ते पाहून चित्रकारांनी ॲलिसच्या हालचाली रेखाटल्या. पुढे ही मुलगी काय झाली म्हणता? प्राथमिक शाळेतली शिक्षिका! अनेक वर्षे तिने मुलांना शिकवले, आणि मधून मधून ॲलिसला आवाजही दिला.

आणखी एक. १९६६ साली बीबीसीसाठी जोनाथन मिलर यांनी दूरचित्रवाणीवर ही गोष्ट आणली. त्यांनी प्राण्यांचे मुखवटेच काढून टाकले. संगीत दिले आपल्या पंडित रविशंकरांनी. ॲलिस झाली ॲन-मरी मॅलिक, नवखी शाळकरी मुलगी. ती हसून लाडीगोडी लावत नाही. स्वप्नात चालावे तशी गंभीरपणे वावरते. म्हणूनच ते स्वप्न खरे वाटते. त्यानंतर तिने दुसऱ्या कुठल्या चित्रपटात काम केले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, गॅदरिंगचे नाटुकले बसवताना आपण बहुधा खणखणीत आवाजाचे, धीट मूल निवडतो. राजा किंवा राक्षस करायला ते ठीक आहे. पण जिच्या भोवती गोष्ट फिरते, ती मुलगी निवडताना जरा मागच्या बाकावरही नजर टाका. दुसरा बोलत असताना जिचा चेहरा बोलतो, अशी एखादी तिथे बसलेली असेल. तिला ऐकू द्या, विचारू द्या. हातवारे शिकवू नका. आणि पडदा पडला, की तिला त्या सोंगातून मोकळी करा. दुसऱ्या दिवशी वर्गात तिला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारा. टाळ्या विरून जातात. मूल मात्र आपल्यापाशी वर्षभर असते.