दुसरा इलेक्ट्रॉन का टिकतो?



दूधविनायकाच्या गल्लीत एका टोकाला मारलेली हाक वळणापलीकडे पोचेपर्यंत क्षीण होते. मधली घरे आणि माणसे ती अडवितात. गर्दीत विद्युत् आकर्षणाचीही अशीच गत होते. मोकळ्या अवकाशात हायड्रोजनच्या अणुकेंद्राचे आकर्षण दूरवर पोचते, म्हणून त्याच्या एकुलत्या इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या अनंत पायऱ्या मिळतात. आयनद्रायूत मात्र प्रत्येक भाराभोवती विरुद्ध भारांचे कोंडाळे जमते. डेबाय व ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये क्षारांच्या द्रावणांसाठी केलेला हा विचार ताऱ्यांनाही लागू पडतो. मेघनाद साहांच्या १९२० च्या समीकरणात अनंत पायऱ्यांची बेरीज अडचणीची ठरते. परिरक्षणामुळे पायऱ्याच मोजक्या उरतात. परिरक्षणाची लांबी बोर त्रिज्येच्या सुमारे ०.८४ पटीहून कमी झाली, की शेवटची पायरीही जाते आणि अणू मोडतो.

मला अधिक नवल वाटते ते ऋण हायड्रोजन आयनाचे. एक धन भार आणि त्याला धरून दोन इलेक्ट्रॉन! दोघांना सारखेच वागविणारे सोपे गणित केले, तर ऊर्जा उणे १२.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. एकट्या अणूची ऊर्जा उणे १३.६ आहे, म्हणजे या हिशेबाने दुसरा इलेक्ट्रॉन निघूनच जावयास हवा. तो जात नाही, हे बेथे यांनी १९२९ मध्ये दाखविले. पुढे १९४४ मध्ये चंद्रशेखरांनी एक इलेक्ट्रॉन केंद्राजवळ व दुसरा दूर, अशी असमान मांडणी केली, आणि तेवढ्यानेच आयन बांधला गेला. आतला इलेक्ट्रॉन केंद्राला झाकतो खरा, पण पुरता झाकत नाही. प्रत्यक्ष बंधन अवघे ०.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. तरीही सूर्याच्या पृष्ठभागाची अपारदर्शकता मुख्यतः याच दुबळ्या आयनामुळे आहे, हे विल्ट यांनी १९३९ मध्ये ओळखले होते.

आता हा आयन गर्दीत ठेवा. केंद्राचे आकर्षण घटेल, हे उघड आहे. परंतु दोन इलेक्ट्रॉनांमधील प्रतिसारणही घटेल, आणि हे सहज विसरले जाते. शिवाय आयनाची ऊर्जा वर सरकली, एवढ्यावरून तो मोडला असे म्हणता येत नाही, कारण एकट्या अणूची ऊर्जाही त्याच वेळी वर सरकत असते. टिकाव ठरतो तो या दोन ऊर्जांतील फरकावरून. हा फरक मुळातच इतका लहान आहे, की दोन्ही बाजूंचे गणित अतिशय काटेकोर केल्यावाचून त्याचे चिन्हसुद्धा विश्वासाने सांगता येत नाही.