भिलाईचे पोलाद आणि चीनची मोटार
(भिलाई येथे मराठी भाषक पोलाद-कामगारांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

भिलाईची झोतभट्टी आणि चीनची मोटार यांचा संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर इतिहासात आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लक्ष टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच दशकात, त्याच सोव्हिएत साहाय्याने, ईशान्य चीनमधील चांगचुन येथे त्या देशाचा पहिला मोटार कारखाना उभा राहत होता. १९५३ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि १९५६ मध्ये पहिला मालट्रक बाहेर पडला. दोन्ही देश दरिद्री, शेतीप्रधान आणि साम्राज्यशाहीने नागवलेले होते.

१९८० मध्ये चीनचे पोलाद उत्पादन सुमारे ३ कोटी ७० लक्ष टन, तर भारताचे सुमारे ९५ लक्ष टन होते. २०२४ मध्ये चीनने सुमारे १०० कोटी टन पोलाद काढले. भारताने सुमारे १५ कोटी टन. चौपटीचे अंतर जवळजवळ सातपट झाले. त्याच वर्षी चीनमध्ये तीन कोटींहून अधिक मोटारवाहने तयार झाली. २०२३ मध्येच मोटारींच्या निर्यातीत चीनने जपानला मागे टाकले होते. स्वीडनची व्होल्वो मोटार कंपनी तर २०१० पासून जीली या चिनी उद्योगसमूहाच्या मालकीची आहे.

हे केवळ स्वस्त मजुरीमुळे घडले, असे भांडवली वृत्तपत्रे सांगतात. स्वस्त मजुरी भारतातही होती. फरक धोरणात होता. १९८४ मध्ये फोक्सवॅगनशी शांघाय येथे करार करताना चीनने परदेशी भांडवलाला निम्म्याहून अधिक वाटा दिला नाही. प्रवासी मोटारींच्या बाबतीत ही मर्यादा २०२२ मध्ये, म्हणजे देशी उद्योग पायावर उभा राहिल्यानंतरच, पूर्णपणे उठवली गेली. भारतात मारुती हा सरकारी उद्योग होता. १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला तेव्हा बहुसंख्य भाग सरकारकडे होते. २००२ मध्ये नियंत्रण सुझुकीकडे गेले आणि २००७ मध्ये सरकारने उरलेले भागही विकून टाकले. एका सरकारने दार उघडले, पण किल्ली हातात ठेवली. दुसऱ्याने किल्लीच विकली.

खनिजांचीही हीच कथा आहे. विजेवरच्या मोटारीला लागणारे शक्तिशाली चुंबक दुर्मीळ मृदा धातूंपासून बनतात. भारतात या खनिजांसाठी १९५० मध्येच सार्वजनिक क्षेत्रात इंडियन रेअर अर्थ्‌स ही संस्था स्थापन झाली. केरळ, तामिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यावर वाळू आहे. परंतु वाळूपासून चुंबकापर्यंतची साखळी मोठ्या प्रमाणावर उभी करण्याची इच्छाशक्ती राज्यकर्त्यांनी दाखवली नाही. चीनने ती उभी केली. एप्रिल २०२५ मध्ये त्याने निर्यातीवर निर्बंध घातले, आणि काही महिन्यांतच पुण्याच्या बजाज ऑटोच्या विजेवरील स्कूटरचे उत्पादन विस्कळीत झाले. अवलंबित्व म्हणजे काय, हे यातून दिसते.

मात्र, कॉम्रेड्स, चीनच्या सामर्थ्याचे वर्णन करून थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय. २०२१ पासून चीनमधील घरबांधणीचा व्यवसाय संकटात सापडला आणि देशांतर्गत पोलादाची मागणी खचली. भट्ट्या मात्र धगधगत राहिल्या. २०२४ मध्ये सुमारे ११ कोटी टन पोलाद परदेशी बाजारात लोटले गेले. हे अतिउत्पादनाचेच संकट आहे, आणि त्याचा भार देशोदेशीच्या कामगारांच्या खांद्यावर पडतो. ब्राझीलमध्ये कामासारी येथे, फोर्डने बंद केलेल्या कारखान्याच्या जागी, चीनच्या बीवायडी कंपनीचा कारखाना उभा राहत होता. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील अधिकाऱ्यांनी कंत्राटदाराच्या ताब्यातील १६३ चिनी कामगारांची गुलामीसदृश परिस्थितीतून सुटका केली. त्याच महिन्यात जर्मनीत फोक्सवॅगनने २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचा करार केला. जिंकणाऱ्या कंपनीचा मजूर आणि हरणाऱ्या कंपनीचा मजूर, दोघेही भरडले गेले.

महाराष्ट्रातील तळेगावचा अनुभव वेगळा नाही. तेथील जनरल मोटर्सचा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल कंपनीला विकण्याचे जानेवारी २०२० मध्ये ठरले. एप्रिलमध्ये केंद्र सरकारने शेजारी देशांच्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगी बंधनकारक केली. जूनमध्ये गलवानचा रक्तरंजित संघर्ष झाला. परवानगी मिळाली नाही. डिसेंबर २०२० मध्ये कारखान्यातील उत्पादन थांबले, हजाराहून अधिक कामगार रस्त्यावर आले, आणि २०२२ मध्ये हा व्यवहार रद्द झाला. पुढे २०२३ मध्ये हा कारखाना ह्युंदाईने घेण्याचा करार केला. अमेरिकन, चिनी व कोरियन भांडवलाच्या या देवाणघेवाणीत यंत्रांची किंमत ठरली. जुन्या कामगारांना मात्र कामावर परत घ्या म्हणून लढावे लागले.

आता भिलाईकडे वळू या. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने सपाट पोलादाच्या आयातीवर १२ टक्के संरक्षक शुल्क बसवले. भिलाईत तयार होणाऱ्या प्लेटांनाही त्याचा आडोसा मिळाला. स्वस्त आयातीपासून देशी उद्योगाचे संरक्षण व्हावे, याला कामगार वर्गाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण हे शुल्क मागणाऱ्यांत सेलबरोबर जेएसडब्ल्यू पोलाद कंपनीही होती, आणि त्याच जेएसडब्ल्यू समूहाने चीनच्या सरकारी मालकीच्या साइक कंपनीशी भागीदारी करून एमजी मोटारीच्या भारतीय व्यवसायात ३५ टक्के वाटा घेतला आहे. पोलादात चीनपासून संरक्षण, मोटारीत चीनशी भागीदारी! भांडवलाचा राष्ट्रवाद ताळेबंदाप्रमाणे बदलतो. चीनविरोधी आरोळ्यांनी कामगारांची दिशाभूल होऊ नये, ती या कारणाने.

म्हणून भिलाईच्या कामगारांपुढील प्रश्न चीन चांगला की वाईट हा नाही. संरक्षणाचा लाभ कोणाला, हा आहे. शुल्कामुळे पोलादाचे भाव वाढले आणि दल्ली-राजहराच्या खाणीतील व भट्टीवरील कंत्राटी मजुराचे वेतन आहे तेथेच राहिले, तर ते संरक्षण नफ्याचे झाले, उद्योगाचे नव्हे. याच नगरीत कंत्राटी कामगारांना संघटित करणाऱ्या शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकाजवळ रेल रोको करणाऱ्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ज्या मागण्यांसाठी ते रक्त सांडले, त्या आजही जुन्या झालेल्या नाहीत.

संरक्षक शुल्काबरोबर कायम कामाला कायम कामगार ही अट हवी. भिलाई सार्वजनिक क्षेत्रातच राहिली पाहिजे. दुर्मीळ मृदा, बॅटरी आणि यंत्रनिर्मिती यांची साखळी सार्वजनिक भांडवलातून उभी केली पाहिजे. भिलाईने देशाला रेल्वेचे रूळ दिले ते परकीय गुंतवणूकदाराची वाट पाहून नव्हे. तंत्र शिकून आणि कारखाना जनतेच्या मालकीचा ठेवून दिले. हा धडा १९५५ चा आहे. चीनने तो आपल्या पद्धतीने गिरवला, भारताच्या राज्यकर्त्यांनी तो पुसला. तो पुन्हा लिहिण्याचे काम संघटित कामगार वर्गालाच करावे लागेल.