नाणेघाटाचे फोटो काढताना

आम्ही लालबाग-परळच्या चाळींतल्या बायका बोलतोय. आमच्या गिरणगावात कितीतरी बिऱ्हाडं कोकणातली, कितीतरी घाटावरची. कोकण आणि घाट जोडणारी दोन हजार वर्षांपूर्वीची वाट बघायची, तिचे फोटो काढायचे, असं आमच्या मनात होतं. म्हणून मोबाइल घेऊन नाणेघाटाला गेलो. दादरहून लोकलने कल्याण, तिथून माळशेजच्या रस्त्याने एसटी आणि वैशाखऱ्याच्या पुढे पायी चढण.

चीनमधून तिबेटात चहा जायचा, तीही अशीच डोंगरवाट. चहाच्या विटा हमालांच्या पाठीवर आणि खेचरांवर लादायच्या, बदल्यात घोडे आणायचे. आपल्या नाणेघाटात चहा नव्हता. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल इथून जुन्नरला चढायचा. माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. रांजणाचे फोटो सगळेच काढतात, पायाखालच्या दगडांचे कोणी काढत नाही. आम्ही काढले, शेजारी आमचंच पाऊल ठेवून, म्हणजे दगड केवढा ते कळतं.

जवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. ब्राह्मी अक्षरांत. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांचा हिशेब त्यात आहे, आकड्यांसकट! समोरच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता जेमतेम पावलांच्या खुणा राहिल्यात, वर नावं मात्र आहेत. एका जागी राणी आणि राजा सातकर्णी यांची नावं जोडीने कोरलीत, त्यात राणीचं आधी. सातबारावर नाव लागावं म्हणून आपल्याला किती खेटे घालावे लागतात, ते तुम्हाला सांगायला नको.

अक्षरं झिजलीत. समोरून फ्लॅश मारला की भिंत सपाट दिसते. एकीने बॅटरी भिंतीलगत आडवी धरायची, दुसरीने फोटो काढायचा. खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. अक्षरांत खडू घासू नका, ओलं फडकं फिरवू नका. तिथे स्वतःची नावं कोरणारे बहाद्दर आहेतच, त्यांच्याही खुणांचे फोटो आम्ही ठेवलेत.

फोटो छापून चाळीत लावले. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात राबलेल्या एक आजी चष्मा पुसत जवळ आल्या. म्हणाल्या, "ह्यातलं तिचं नाव कुठलं, तेवढं बोट ठेवून दाखवा."