फवारा कुणाचा?



दातांच्या डॉक्टरला माइकसमोर पाहिलं की समोरची मंडळी आपोआप तोंड मिटून घेतात. आज हरकत नाही, आज तपासायचंय ते आमचंच घर.

मार्च 2020 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं कोणत्या व्यवसायात कोरोनाचा धोका किती, याचा एक तक्ता छापला. त्यात आम्ही अगदी वरच्या टोकाला होतो. कारण उघड होतं. दाढ कोरायचं आमचं यंत्र, एअरोटर, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. दाढ तापू नये म्हणून त्याच्या टोकातून पाणी उडतं. पेशंटच्या लाळेत मिसळून त्याचं धुकं होतं, आणि डॉक्टरचं नाक तिथून हातभर अंतरावर. टाळेबंदी लागली तशी ठणकणाऱ्या दाढेला फोनवरून गोळ्या सांगायची वेळ आली. मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचना आल्या, मग पीपीई किट चढवून, खिडक्या सताड उघड्या टाकून, घामानं निथळत कामं सुरू झाली.

पुढे जे कळलं ते मात्र अपेक्षेपेक्षा निराळं होतं. जून 2020 मध्ये अमेरिकेत दोन हजारांहून जास्त दंतवैद्यांची पाहणी झाली. बाधित झालेले शंभरात एकाहूनही कमी निघाले. एवढ्या धोक्याच्या जागी बसलेली माणसं वाचली कशी? माझं उत्तर असं, की त्यांची तालीम आधीच झालेली होती. आमच्या आधीची पिढी उघड्या हातांनी दाढा काढायची. एड्सच्या भीतीनं हातमोजे आले, आणि प्रत्येक पेशंटचं रक्त संसर्गजन्य आहे असं धरूनच वागायचं, हा नियम 1987 मध्ये अमेरिकेत ठरला. कोरोनानं त्यावर कपड्यांचे थर चढवले, इतकंच.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 28 पेशंटांवर काम करताना उडालेला फवारा गोळा करून तपासला. 2021 मध्ये निष्कर्ष आले. त्यातले बहुतेक जंतू लाळेतले नव्हतेच. ते आमच्या यंत्रातून येणाऱ्या पाण्यातले होते! काही जणांच्या लाळेत कोरोनाचा विषाणू होता, पण फवाऱ्यात सापडला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावरून कुणी मास्क भिरकावून देऊ नये. पण आम्ही वर्षभर पेशंटच्या तोंडाकडे संशयानं बघत होतो, आणि फवारा बराचसा आमचाच होता.

यंत्रात हे पाणी आणणारी नळी जरा जवळून पाहा. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर पोकळीची. रात्रभर पाणी तिच्यात साचून राहतं आणि आतून बुळबुळीत थर धरतो. इटलीत 2011 मध्ये 82 वर्षांच्या एक बाई लीजिओनेला जंतूच्या न्यूमोनियानं गेल्या. तोच जंतू त्यांच्या दंतवैद्याच्या यंत्रातल्या पाण्यात सापडला. म्हणून सकाळी पेशंट घेण्याआधी पाणी सोडून द्यायचं, दोन पेशंटांच्या मधे वीस-तीस सेकंद सोडायचं, आणि ठरावीक दिवसांनी नळीत औषध फिरवायचं. टाळेबंदीत यंत्रं आठवडेच्या आठवडे बंद होती, तेव्हा हे किती जणांनी केलं असेल, देव जाणे.

शिवाय एअरोटर थांबतो त्या क्षणी त्याचं टोक किंचित उलटं ओढतं. ते अडवायला झडप असते, पण झडपा झिजतात. लाळेचा, रक्ताचा थेंब आत जाऊ शकतो. बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवून तो निघत नाही. हातात धरायचा हा एअरोटर, म्हणजेच हँडपीस, ऑटोक्लेव्हमध्येच, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातच, जायला हवा. 134 अंशांची वाफ, किमान तीन मिनिटं. पाकिटावरची पट्टी रंग बदलते, पण ती फक्त उष्णता लागल्याचं सांगते. जंतू खरोखर मेले का, हे कळायला आत चिवट जिवाणूंचे बीजाणू ठेवून चाचणी करावी लागते. अमेरिकेत टल्सा शहरात 2013 मध्ये एका दवाखान्याच्या सुमारे सात हजार पेशंटांना तपासणी करून घ्या असं कळवावं लागलं. एका पेशंटची हिपॅटायटिस सी तिथे दुसऱ्याला लागली होती. तपासात बाकी गोंधळाबरोबर हेही निघालं, की तिथल्या ऑटोक्लेव्हची अशी चाचणी कित्येक वर्षांत झालेली नव्हती. त्या वेळी साथबीथ काही नव्हती.

आता व्यवहाराचं बोलतो. ऑटोक्लेव्हचा एक फेरा, वाळवण धरून, अर्धा-पाऊण तास खातो. संध्याकाळी पंधरा पेशंट बघणाऱ्या दवाखान्यात एकच हँडपीस असेल, तर तो प्रत्येकाआधी वाफेत जाणं शक्यच नाही. चार-पाच लागतात. त्यांचा खर्च बिलात कुठे दिसत नाही, आणि पेशंटही विचारत नाहीत. 2020 मध्ये दारातल्या तापमापक बंदुकीकडे बघून लोक खूश व्हायचे. यापुढे खुर्चीत बसण्याआधी सरळ विचारा: “डॉक्टर, तुमच्याकडे हँडपीस किती आहेत?”