पुडी फेकू नका, पण आधी ओळखा

मुळशी तालुक्यातल्या चांदे गावातून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. काडेपेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं, पासबुकाची पानं चिकटतात, परसातल्या दुधी-घेवड्याच्या बियांना बुरशी धरते. आणि नव्या चपलेच्या खोक्यातून, पर्समधून निघालेली ओलावा शोषणारी पुडी मात्र आपण केरात टाकतो. आज तिच्याविषयी बोलू.

पुडीत काचेसारखे गोल दाणे असतात. त्यांना सिलिका जेल म्हणतात. दाण्याला आतून डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात, त्यांत हवेतला ओलावा अडकतो. दमट हवेत हे दाणे आपल्या वजनाच्या साधारण ३५ ते ४० टक्के पाणी धरतात. म्हणजे ५ ग्रॅमच्या पुडीत फार तर २ ग्रॅम पाणी मावेल, अर्धा चमचासुद्धा नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पुडी ओली वस्तू वाळवत नाही, वाळलेली वस्तू कोरडी राखते. तांदळाच्या पोत्यात किंवा उघड्या कपाटात ती ठेवून काही उपयोग नाही. घट्ट झाकणाचा छोटा डबाच हवा.

सगळ्यात मोलाचा उपयोग बियाण्याला. आपल्या आज्या राखेत बी ठेवायच्या, तेही कोरडं राहावं म्हणूनच. बियांतला ओलावा १ टक्क्याने कमी झाला, तर त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ढोबळ नियम आहे. बी आधी चांगलं वाळवा, गार होऊ द्या, मग बरणीत भरून वर दोन-तीन पुड्या ठेवा. गावरान वाण एकदा घरातून गेला की विकत मिळेलच असं नाही.

दुसरा उपयोग गटाच्या कागदांना. इतिवृत्ताची वही, पासबुक, सातबारा, रेशनकार्ड एका घट्ट डब्यात पुडीसह ठेवा. चांदीची जोडवी, पैंजणही अशीच ठेवली तर लवकर काळी पडत नाहीत. औषधाच्या बाटलीत आलेली पुडी मात्र तिथेच राहू द्या.

पुडीत ओलावा भरला की ती पुन्हा तापवता येते. पुडी तशीच तव्यावर टाकू नका, कागद जळेल नाहीतर प्लास्टिक वितळेल. दाणे एका जुन्या कढईत काढा. ही कढई परत स्वयंपाकाला घेऊ नका. मंद आचेवर अर्धा तास हलवत राहा. लाल होईतो तापवू नका, दाणे निकामी होतात. गार होताच सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून लगेच बरणीत टाका, उघडं राहिलं तर हवेतलं पाणी पुन्हा भरेल.

आता सावधगिरी. प्रत्येक पुडी सारखी नसते. खाण्याच्या पाकिटात काळी भुकटी असलेली पुडी लोखंडाच्या चुऱ्याची असते, ती परत वापरता येत नाही. पांढरी भुकटी असेल तर ती कळीचा चुना असू शकते. त्याला पाणी लागलं की तो तापतो आणि डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. तसं झालंच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटं डोळा धुवा आणि तडक दवाखाना गाठा. निळे दाणे असतील तर त्यांत कोबाल्ट असतं, ते घरात वापरू नका. कोणती पुडी आहे ते कळलंच नाही, तर ठेवू नका, तापवू नका.

साधे पांढरे दाणे विषारी नसतात, पण लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. म्हणून पुरचुंडी दोऱ्याने घट्ट बांधा आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंच ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातल्या पुड्या आणा. एकत्र बसून ओळखू, निवडू आणि पावसाच्या आधी बियाण्याच्या बरण्या भरू.