सर्वांचे ओझे, एकाचा माथा



हमालांच्या संघटनेत ज्याची उमर गेली त्याने इंटरनेटवर काय बोलावे, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. पण जेथे ओझे आहे तेथे ते वाहणारा कोणी तरी असतोच. मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

दोन संगणक एकमेकांशी बोलतात ते ठरलेल्या रीतीने. त्या रीतीला प्रोटोकॉल म्हणतात. ई-मेलची आज चालू असलेली रीत १९८२ साली लिहिली गेली. पाठविणारा संगणक आधी आपली ओळख सांगतो, मग पत्र कोणाचे व कोणाला ते सांगतो, मग मजकूर देतो, आणि शेवटच्या ओळीत नुसते एक टिंब देऊन 'संपले' म्हणून कळवितो. समोरचा आकड्यांत उत्तर देतो. २५० म्हणजे ठीक आहे.

ही सारी बोलाचाली प्रत्येकाने नव्याने लिहावयाची म्हटली तर जन्म पुरावयाचा नाही. म्हणून कोणी तरी ती एकदा नीट लिहून ठेवतो आणि बाकीचे ती आपल्या कामाला जोडून घेतात. अशा तयार भागाला मॉड्यूल म्हणतात व त्यांच्या संग्रहाला लायब्ररी. पायथन भाषेत पत्र धाडण्यासाठी 'एसएमटीपीलिब' आहे, आलेली पत्रे वाचण्यासाठी 'इमॅपलिब' आहे. आपण मोबाइलवर बेदाण्याचा भाव पाहता, तेव्हाही असलेच एखादे मॉड्यूल मुकाट्याने ओझे वाहत असते.

आता हे ओझे कोणाच्या माथ्यावर आहे ते पाहू. 'ओपनएसएसएल' ही लायब्ररी निरोपांना कुलूप घालण्याचे काम करते. तिच्यात २०१२ साली एक चूक शिरली. 'एवढ्या लांबीचा शब्द परत दे' असे कोणी म्हटले, तर शब्द खरोखर तेवढा आहे की नाही हे ती तपासत नसे, आणि शेजारची गुप्त माहितीही देऊन टाकी. एप्रिल २०१४ मध्ये हे उघडकीस आले आणि जगभर धावपळ उडाली. चौकशी करता काय दिसले? मोठमोठ्या कंपन्यांचा व्यवहार जिच्यावर चालत होता, त्या लायब्ररीवर पूर्ण वेळ राबणारा माणूस जवळजवळ एकच होता, आणि निव्वळ देणग्या वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर!

हे दुखणे आम्हांस नवे नाही. हमाल दहा व्यापाऱ्यांची पोती उचलतो, आणि म्हणून दहांपैकी एकही त्याचा मालक नसतो. सर्वांचे काम करणारा कोणाचाच नोकर नव्हे! यावर महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. जो जो काम करून घेईल त्याने मजुरीबरोबर लेव्ही भरावी, आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयी कराव्यात. मालक एक नसला तरी जबाबदारी ठरविता येते, हा त्या कायद्याचा धडा आहे.

कोणी म्हणेल, ही माणसे हौसेने काम करतात. खरे आहे. पण हौसेलाही पोट असते. जर्मन सरकारने २०२२ साली अशा कामांसाठी निधी उभारला, तो हे ओळखूनच.

आपल्या गावातील जे तरुण ही मॉड्यूले वापरतात त्यांनी ती उघडून वाचावीत, दिसलेली चूक कळवावी, जमल्यास दुरुस्त करावी. जे त्यावर धंदा करतात त्यांनी त्यांचा वाटा द्यावा. फुकट मिळालेली वस्तू फुकट तयार झालेली नसते, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.