सैनिकाचे घर आणि समाजाचे दायित्व



मावळ ही सैनिकांची भूमी. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’त १९४५पासून नौदलाचे तंत्रज्ञ घडत आहेत. गणवेश एकाच्या अंगावर असला, तरी सेवा साऱ्या कुटुंबाची असते.

१७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात साताऱ्याचे सुपुत्र कर्नल संतोष महाडिक यांना वीरमरण आले. त्यांच्या पत्नी स्वातीताई दोन मुलांच्या माता. वयोमर्यादेत सवलत मिळवून, मुलांना निवासी शाळेत ठेवून त्यांनी चेन्नईत खडतर प्रशिक्षण घेतले. २०१७मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या.

अशा मातेला वंदन करणे सोपे आहे. परंतु घर आणि कर्तव्य यांचा तोल तिने एकटीनेच का सांभाळावा? शेजारच्या सैनिकाच्या घरी आजारपणात, मुलांच्या परीक्षेत, सणावारी आपण जातो का? सीमेवरील जवानाची निश्चिंती तेथेच सिद्ध होते.